वारा विचारणाऱ्या मावशी

डॉक्टरमावशींना फोन केला की "कसा आहेस?" हा प्रश्न आधी यायचाच नाही. "वारा कुठला आहे रे तिकडे?" हा यायचा. मी टेक्सासात, अर्विंगला तिसऱ्या मजल्यावर एसी लावून बसलेला आयटीवाला. मला वाऱ्यातलं काय कपाळ कळणार! मी आपलं ठोकून द्यायचो, "दक्षिणेचा." "खिडकी उघड आणि मग सांग," मावशी म्हणायच्या.

त्या माझ्या आईची मैत्रीण. नागपूरहून डॉक्टर होऊन निघाल्या आणि बरोबरीचे सगळे मोठ्या शहरांकडे धावत असताना या बाईंनी कॅन्ससच्या माळावर बसकण मारली. तिथे माणसांपेक्षा गुरं जास्त. वसंतात जुनं गवत जाळायचं, म्हणजे कोवळं फुटतं, अशी तिथली रीत. एकाचं कुरण जाळायला सगळे शेजारी पिकअपवर पाण्याच्या टाक्या लादून येतात. काम संपलं की जुन्या एकखोली शाळेत पंगत. शाळा कधीच बंद झालेली, पण मतदान तिथे, लग्नाची मेजवानी तिथे, मयतानंतरचं जेवणही तिथेच. मावशींचा शनिवारचा दवाखानासुद्धा वर्षानुवर्षं तिथेच भरला.

भाजलेली माणसं तपासून मावशी कावल्या होत्या. एकदा त्यांनी फर्मानच काढलं की मला विचारल्याशिवाय कुणी काडी ओढायची नाही. "गवत परत येतं, कातडी येत नाही," हे त्यांचं पालुपद. कुणाच्या बापाला न जुमानणारे ते कुरणवाले मावशींचं मात्र निमूट ऐकायचे. रिटायर झाल्यावरही सकाळी अंगणात उभ्या राहून त्या चिमूटभर सुकं गवत उडवायच्या आणि "ओके" नाहीतर "नॉट टुडे" म्हणायच्या. विषय संपला.

मी गेलो होतो त्या वसंतात त्यांनी शेजारच्या डेलला ओके दिलं. हा म्हातारा त्याच शाळेत शिकलेला. दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग कानामागे एकदम गार लागलं आणि मावशींचा चेहरा उतरला. वारा फिरला होता. आग शाळेकडे निघाली.

डेल पाण्याचा पाइप घेऊन शाळेच्या भिंतीशी उभा. धुरात त्याची टोपी तेवढी दिसत होती.

"डेल, लेट इट गो!" मावशी ओरडल्या.

"फाइव्ह मिनिट्स, डॉक!"

मावशी माझ्याकडे वळल्या. "गाडी त्याच्याजवळ घे. थांबू नकोस."

मी घाबरलो होतो, सरळ सांगतो. तरी गाडी धुरात घातली. मावशींनी दार उघडून डेलची कॉलर धरली आणि त्याला आत ओढलं. सत्तरीच्या बाईत एवढा जोर कुठून आला, देव जाणे. आम्ही रस्त्याला लागतो न लागतो तोच शाळेचं छप्पर खाली आलं.

डेल रडत होता. त्याने मावशींकडे पाहिलंही नाही. "ओके मीच दिलं होतं," एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर वर्षभर त्यांनी मला फोनवर वारा विचारला नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

पुढच्या वसंतात मी त्यांचं सामान बांधायला गेलो. मुलीकडे, डब्लिनला जायचं त्यांनी ठरवलं होतं. "इथे आता मला कोण विचारतंय?" असं त्या खोकी भरता भरता दोनदा म्हणाल्या. सकाळी दारात पिकअपची रांग लागली. पुढे डेल, टोपी हातात.

"हाऊज द विंड, डॉक?"

मावशी अंगणात गेल्या. चिमूटभर गवत उडवून ते कुठे जातंय ते त्यांनी पाहिलं.

"नॉट टुडे."

डेलने टोपी घातली. एकेक पिकअप मागे वळली. का म्हणून कुणीही विचारलं नाही.

मावशी आत आल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "खोकी राहू दे रे. उद्या परत येतील ते."

मावशी कुठेही गेल्या नाहीत. मागच्या हिवाळ्यात त्याच घरात त्यांनी डोळे मिटले. मला फोन आला तो डेलचा. बातमी सांगून झाली तरी त्याला फोन ठेववेना, मलाही ठेववेना. शेवटी त्याने विचारलं, "हाऊज द विंड देअर?"

मला रडू कोसळलं. मी उठून खिडकी उघडली.