आईच्या वालाचं बी

हल्ली मी भाजी हातात घेतली की आधी नाकाला लावते. सून म्हणते, "आई, भाजीवाल्यांनी तुमचा फोटो लावून ठेवला असेल, ही बाई दिसली की गाडी पुढे ढकलायची." म्हणू दे. खांदा कॉलनीत राहायला आल्यापासून मला ही सवयच लागलीय. तोंडाने 'गावठी, गावठी' ओरडतात आणि खालच्या क्रेटवर कुठल्या तरी लांबच्या मार्केटचा कागद चिकटलेला असतो. माघ-फाल्गुनात तर जास्तच बघून घ्यावं लागतं, कारण आमच्याकडचं चवीचं सगळं याच दिवसांत येतं. पांढरा कांदा, शेवगा, ओले काजू आणि वालाच्या शेंगा.

वालाच्या बाबतीत मात्र मी निर्धास्त होते, कारण वाल माझे होते. माझं माहेर इथून जवळच्याच नेरे गावचं. भावाने बरीचशी जमीन फार्महाऊसवाल्यांना दिली, पण डोंगराच्या बाजूचं भाताचं एक खाचर माझ्यासाठी राहू दिलं. भात कापलं की जमिनीत जी ओल राहते तिच्यावरच वाल पेरायचे, वरून पाणी लागत नाही. बी माझ्या आईचं, तिला तिच्या सासूने दिलेलं. दाणा बारीक, ओल्या शेंगेच्या काठाला जांभळी रेघ, आणि चवीला असा कडवट की नवख्याने तोंड वाकडं करावं. तसं बी मी दुसऱ्या कुणाकडे पाहिलेलं नाही.

खाचर कसते ती डोंगराकडच्या वाडीतली एक बाई. पन्नाशीची असेल. जमीन तिला नाही, मिळेल तिथे मजुरी करते, आणि माझे वाल अर्ध्या वाट्याने करते. बी माझं, राबणं तिचं, शेंगा निम्म्या-निम्म्या. बरीच वर्षं असं चाललंय. दरवर्षी मी ओंजळभर बी मागे ठेवते. यंदा काय बुद्धी झाली कोण जाणे, होतं नव्हतं ते सगळं तिला देऊन टाकलं.

तर यंदा ती पहिल्या शेंगा घेऊन आली, मी मिठाच्या पाण्यात ओवा टाकून उकडल्या, आणि सून म्हणाली, "आई, या वर्षी छान आहेत हो, कडू नाहीत."

उरलेल्या शेंगा खिडकीशी नेऊन उजेडात बघितल्या. सगळ्या नुसत्या हिरव्या. जांभळी रेघ एकीलाही नाही. म्हणजे माझ्या शेंगा हिने रस्त्यावरच्या गाडीवाल्यांना विकल्या आणि माझ्या पिशवीत बाजारातल्या भरल्या. त्याचंही एक वेळ सोडा. पण कोवळ्याच सगळ्या विकून टाकल्या असतील तर बियाला काय राहिलं? आईचं बी माझ्या हातून संपलं म्हणायचं.

पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा दारातच धरलं.

"या शेंगा कुठल्या गं?"

"खाचरातल्याच हायत काकी."

"मग रेघ कुठे गेली?"

"यंदा थंडी नव्हती ना," असं म्हणून ती पिशवीकडे बघत राहिली. एरवी माझ्याकडे ऐसपैस बसून दोन कप चहा पिणारी बाई त्या दिवशी उभ्याने चहा पिऊन गेली. माझी खात्रीच झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता नेऱ्याची रिक्षा केली. सून म्हणाली, "छापा घालायला निघालात वाटतं?"

"शेंगा आणायला."

"पिशवी न घेता?"

मी चपला पायात सरकवून निघाले.

खाचरात ती वाकून शेंगा तोडत होती. मी सरळ ओळीत शिरले आणि शेंग तोडून बघितली. हिरवी. दुसऱ्या ओळीत हिरवी. मग बांधाच्या कोपऱ्यात बोरीच्या काट्यांचं कुंपण दिसलं. आत थोडे वेल, शेंगा न तोडलेल्या, वाळायला लागलेल्या. सापडली चोरी, म्हटलं. चांगल्या शेंगा स्वतःला राखून ठेवल्यात. मी काटी ओढायला वाकले.

"हात नका लावू काकी."

"माझ्या खाचरात मला सांगतेस?"

"तेवढेच उगावले," ती म्हणाली. "सात. तुमचं बी मेलेलं व्हतं. पंधरा दिस वाट बघितली. मग उकरून बघितलं तर दाणे मऊ पडलेले. आता खाचर रिकामं कसं ठेवू? माझ्या घरचं बी पेरलं. या साताची एक शेंग पन तोडली नाय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगून तुमी काय म्हनला असता? बी खाल्लंस नायतर इकलंस."

म्हणाले असते. अगदी हेच म्हणाले असते.

"सुकवलं कुठं व्हतंत?" तिने विचारलं.

मी सांगितलं. मेच्या उन्हात बिल्डिंगच्या गच्चीवर, पत्र्यावर डबा ठेवला होता. कबुतरं खातील, शिवाय वरच्या मजल्यावरचीचा भरवसा नाही, म्हणून वर घट्ट झाकण.

"झाकन लावून?" ती हसली नाही. "शिजवलंत की काकी."

तरी माझं मन मानेना. हे सात तरी आईचे कशावरून? मी म्हटलं, एक शेंग फोडून दाखव. ती तयार नव्हती. शेवटी काट्यांतून हात घालून अजून हिरवी असलेली एक बारकी शेंग तिने तोडली. काठाला रेघ होती. दाणा मी जिभेवर ठेवला. कडू.

"वाळल्या की सगळ्या मला आणून दे," मी म्हटलं.

"नाय."

"नाय म्हणजे?"

"तुमच्या आईचंच हाय, मी कुठं नाय म्हनते? पन तुमी परत डब्यात घालाल. माझ्याकडं राखेत राहील."

मी बांधावर बसले. आजवर मी लोकांच्या पिशव्या तपासल्या, माझा असा संशय कुणी घेतला नव्हता. म्हटलं, "तुम्ही सगळे कामाला बाहेरगावी गेलात तर? छप्पर गळलं तर?"

"सासू असते घरी. चला, दाखवते."

गेले. चुलीच्या वर धुरात तिच्या घरच्या बियाचं एक मडकं टांगलेलं, तोंड शेणामातीने लिंपलेलं. तिच्या सासूने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि पाणी दिलं. मी मडक्याखाली हात धरून बघितला, चुलीचा ताव तिथवर पोचत नव्हता. लिंपणाला चीर कुठे आहे का तेही बघितलं. नव्हती.

"राहू दे तुझ्याकडे," मी म्हटलं. "पण पेरायच्या वेळी मी समोर असेन."

"या की."

परतीच्या वाटेवर खांदा कॉलनी येईपर्यंत तीनदा मनात आलं, रिक्षा वळवावी आणि निदान एका वेलाच्या शेंगा तरी मागून घ्याव्यात. नाही वळवली.