झाकणावरचा गुडघा

“दाबलं का बसतेच, साहेब. पोरीले सांगा, भेऊ नको,” काका बाबांना म्हणाले.

रिसोडात हार्मोनियम दुरुस्त करणारे हे काका माझ्या गिटारच्या तारा बदलतात, पण बोलतात बाबांशीच. प्रश्न मी विचारला, तरी उत्तर बाबांना. हार्मोनियमचा भाता दाबून मिटायची त्यांच्या हातांना सवय. आज त्यांनी गिटार हार्डकेसमध्ये ठेवली, खांद्याचा पट्टा घडी करून तिच्या मानेखाली कोंबला आणि बंद न होणाऱ्या झाकणावर गुडघा टेकवला. आत लाकूड करकरलं. बाबा हसले. माझे कान तापले. चार वर्षं या दुकानात काका सांगतील त्याला मी फक्त ‘हो’ म्हटलं होतं.

“काका, गुडघा काढा. पट्टा बाहेर घ्या. आणि माझ्याशी बोला, गिटार माझी आहे.”