मोडीतली एक ओळ

फुकट काम करणाऱ्या माणसावर सोजरबाईचा विश्वास नव्हता. तो माणूस आपलाच नवरा निघाला म्हणून विश्वास ठेवावा, असंही तिला कधी वाटलं नाही.

पंचायतीचा रेडिओ गावात येऊन दोन वर्षं होत आली होती. चावडीच्या भिंतीत कपाट करून तो ठेवला होता. कपाटाला कुलूप आणि किल्ली सरपंच दौलतरावांच्या कडदोऱ्याला. रोज दिवेलागणीला नागपूरच्या बातम्या लागत. तालुक्याच्या साहेबानं पहिल्या दिवशी विचारलं होतं, "बातम्या ऐकून फळ्यावर लिहील असा कोणी आहे का? पगार मिळणार नाही." सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि पुंजाजी उठून उभा राहिला.

पुंजाजी चौथी पास. पोरवयात तो मालेगावला एका म्हाताऱ्या पटवाऱ्याच्या हाताखाली कागद उतरवायला होता. तिथं तो मोडी शिकला, पटवारी व्हायची स्वप्नंही शिकला. म्हातारा मेला आणि पुंजाजी परत येऊन नांगरामागं लागला. घरचं रान दीड एकर. पोट भरायचं ते दौलतरावांच्या सहा एकरांवर. अकरा वर्षं ते सहा एकर तो बटईनं कसत होता. अर्धं पीक त्यांचं, अर्धं याचं, आणि कागद कुठंच नाही.

चावडीत तो मांडीवर पाटी घेऊन बसे. रेडिओतला माणूस काही थांबून बोलत नाही, म्हणून पुंजाजी मोडीत लिही. मोडीत हात उचलावा लागत नाही, पेन्सिल पाण्यासारखी धावते. मग पहाटे उठून तो पाटीवरचं सगळं चावडीच्या दाराबाहेरच्या फळ्यावर बाळबोधीत, गोल गोल अक्षरात उतरवी. शेतावर जाणारे थांबून वाचत. ज्यांना येत नसे ते वाचणाऱ्याच्या तोंडाकडं बघत.

"चीन काय म्हणते, दिल्ली काय म्हणते, सारं म्हाईत यायले," सोजरबाई शेजारणीला म्हणे. "घरची गाय काय म्हणते, ते मलेच ईचारा."

वखर तिच्या हाती आला, निंदण-खुरपण तर होतंच, आता तुरीची कापणीही तिच्यावर आली. पुंजाजी दुपारी पाटी पुसत बसे. यातून याला मिळतं काय? आधी तिला शाळेतल्या ललिताबाईंचा संशय आला. बाई अकोल्याकडच्या, विधवा, खडू त्यांच्याकडूनच यायचे. चार दिवस सोजरबाईनं पाळत ठेवली. ललिताबाई खडू देताना पुंजाजीकडं बघतही नव्हत्या. त्यांचं सगळं लक्ष किती खडू गेले याच्याकडं. मग तिला दौलतरावांचा संशय आला, आणि तो काही जाईना. कारण हल्ली दौलतराव पुंजाजीला "पुंजाजीभाऊ" म्हणू लागले होते. अकरा वर्षांत कधी म्हणाले नव्हते.

माघातल्या एका संध्याकाळी वासरू शोधायचं निमित्त करून ती चावडीच्या मागच्या भिंतीला जाऊन उभी राहिली. बाया चावडीत जात नसत. भिंतीमागं उभं राहायला मात्र कोणाची मनाई नव्हती. आत रेडिओ खडखडला, मग आवाज स्वच्छ झाला. बरंचसं तिच्या डोक्यावरून गेलं. एक बातमी मात्र गेली नाही. जे दुसऱ्याची जमीन बटईनं कसतात त्यांनी महिना संपायच्या आत पटवाऱ्याकडं नाव लावून घ्यावं. ज्याचं नाव लागेल त्याला जमिनीवरून सहज काढता येणार नाही.

आत दौलतरावांचा खाकरा ऐकू आला आणि कपाटाचं कुलूप वाजलं.

घरी आल्यावर पुंजाजी भाकरी कुस्करत बसला. तिनं विचारलं, "आज काय सांगतलं रेडूनं?"

"काई नाई. नदीवर धरण बांधून राह्यले कुठंतरी."

"अन्?"

"अन् काय? झोप आता."

सकाळी ती डोक्यावर टोपली घेऊन फळ्यापाशी थांबली. ललिताबाई शाळेत निघाल्या होत्या. "बाई, वाचून दाखवा ना मले."

बाईंना आश्चर्य वाटलं, पण त्यांनी वाचलं. धरण. गव्हाचे भाव. कुठल्याशा मंत्र्याचा दौरा. देवीच्या लशीची तारीख. "संपलं."

"आन् हे खालचं?" सोजरबाईनं बोट दाखवलं. सगळ्यात खाली, फळ्याच्या चौकटीला चिकटून, एक सलग ओळ होती. जणू गोगलगाय चालून गेली होती.

"ते मोडी दिसतंय. मला नाही येत. आता कोणाला येतं?"

कोणाला येतं, हे सोजरबाई तुरीच्या शेतात दिवसभर मोजत राहिली. पटवाऱ्याला. दौलतरावांना. दुकानदार गोपीचंदला, कारण त्याची वही मोडीत. आणि लिहिणाऱ्याला. म्हणजे आपला नवरा चारचौघांच्या फळ्यावर दौलतरावांना चिठ्ठ्या लिहितो?

मीठ आणायच्या निमित्तानं ती गोपीचंदकडं गेली. "शेटजी, फळ्यावरची शेवटची ओळ काय हाय वो?"

गोपीचंदनं मीठ तोलता तोलता आधी समोर बघितलं, दौलतरावांच्या दाराकडं. "बाई, मले फक्त माहं सोताचं अक्षर लागते. दुसऱ्याची मोडी म्हंजे दुसऱ्याचं खरकटं."

वीस वर्षं गावभरच्या चिठ्ठ्या वाचणारा माणूस हे सांगत होता. सोजरबाईनं मीठ पदरात घेतलं. आता तिला ओळ वाचायची गरजच उरली नव्हती.

पुंजाजी बैलाला पेंढी टाकत होता. ती समोर जाऊन उभी राहिली.

"बटईवाल्याईची बातमी मोडीत काहून लिवली?"

त्याच्या हातातली पेंढी तशीच राहिली. "तुले कोन सांगतलं?"

"भिंतीनं. बोला."

"घाईत उतरली. पाटीवर मोडीच असते."

"धरण नाई घाईत उतरलं? देवीची लस नाई उतरली?"

त्यानं पेंढी बैलापुढं टाकली. मग म्हणाला, "मालक म्हणे, लिवू नको. मी म्हणलं, रेडूनं सांगतलं ते लिवा लागते. फळ्यावर आजलोक मी एक बातमी गाळली नाई. खोटं त नाई ना लिवलं?"

"वाचंन कोन ते?"

"ज्याले येते तो वाचंन." आणि मग हळूच, "मालक म्हणे, पुंजाजीभाऊ, तुहं नाव मी सोता लावून देतो. तू फक्त तांड्याले भडकवू नको."

गावाबाहेरच्या तांड्यावरची सात घरं दौलतरावांचंच रान बटईनं कसत होती.

"कधी लावतो म्हणे?"

"सवडीनं."

"महिना कधी संपते?"

पटवारी गावात सोमवारी बसे आणि महिन्यातला एकच सोमवार उरला होता. पुंजाजीला हे ठाऊक होतं. फळ्यावर तारीख रोज तोच लिहायचा.

"दोन वर्सं तुमी गावाले फुकट शायनं केलं," सोजरबाई म्हणाली, "आन् पहिल्यांदा मजुरी भेटली त हे."

दुसऱ्या दिवशी ती तांड्याच्या विहिरीवर गेली. तिथं लखमाची बायको रुपाबाई घागर घासत होती. सोजरबाईनं बातमी सांगितली तसं रुपाबाईनं हात थांबवला आणि तिच्याकडं निरखून बघितलं.

"तुमचा मानूस मालकाचा. तुमी मले कायले सांगून राह्यल्या? आमी चावडीत गेलो का मालक म्हणंन, पाहा, बेइमान. मंग आमाले काढंन आन् सारं रान तुमाले देईन. व्हय ना?"

सोजरबाईला राग आला नाही. रुपाबाईच्या जागी ती असती तर तिनंही हेच विचारलं असतं. "मी पयले जातो," ती म्हणाली. "मी नाई दिसली त तुमी वापस फिरा."

सोमवारी पटवारी चावडीत दप्तर उघडून बसला. शेजारी दौलतराव, आणि फळ्याजवळ पुंजाजी उभा. सोजरबाई पदर डोक्यावर घट्ट ओढून पायऱ्या चढली. चावडीत बाई आलेली पाहून दौलतरावांची सुपारी तोंडातच राहिली. तिच्यामागून लखमा आला, मग रुपाबाई, मग तांड्यावरचे एकेक. अंगण भरलं.

"हे कोनं सांगतलं याईले?" दौलतराव पुंजाजीकडं वळले.

पुंजाजीच्या कपाळावर घाम होता. "मालक, फळ्यावर तर हायेच," तो म्हणाला. त्याच्या तोंडून ते निर्दोषासारखं निघालं की बदमाशासारखं, हे सोजरबाईलाही उमगलं नाही.

दौलतराव हसले. सगळ्यांसमोर दुसरं काय करणार? पटवाऱ्यानं दौत पुढं ओढली. "हं, कोणतं शेत?"

"नाल्याकाठचे सा एकर," सोजरबाई म्हणाली.

"कसतो कोण? नाव सांगा."

पुंजाजीनं मान वर केली. तिनं त्याच्याकडं बघितलं. हा माणूस उद्या दौलतरावांपुढं जाऊन म्हणाला, नाव काढून टाका मालक, तर?

"मी कसतो," ती म्हणाली. "वखर माह्या हाती, निंदनं माह्या हाती. हे त रेडू आयकतात, साऱ्या गावाले म्हाईत हाय. लिवा, सोजरबाई. बाळबोधीत लिवा."

मागं कोणीतरी फस्सकन हसलं. पटवाऱ्यानं दौलतरावांकडं बघितलं, दौलतरावांनी छताकडं. अंगणात पंचवीस माणसं उभी होती. त्यानं लिहिलं. सोजरबाईनं दारातून, शाळेत निघालेल्या ललिताबाईंना हाक मारून ते वाचून घेतलं, मग पुन्हा एकदा वाचून घेतलं, आणि तेव्हाच मागं सरली. मग लखमा पुढं झाला.

रात्री पुंजाजी जेवला, त्यानं हात धुतले. एवढंच विचारलं, "माहं नाव काहून नाई सांगतलं?"

"तुमाले मालकाकडं रोज किल्ली मागाले जा लागते," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

कागदावर नाव लागलं म्हणजे शेत आपलं झालं, एवढी भोळी ती नव्हती. दौलतराव उद्याच स्वतःचा नांगर त्यात घालतील आणि म्हणतील, पाहा, मीच कसतो. म्हणून तांबडं फुटायच्या आत भाकर बांधून ती नाल्याकाठी गेली आणि सहा एकरांच्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर, वाट दिसेल अशी, विळा मांडीवर घेऊन बसली. थंडी होती. दूर कुठंतरी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला आणि विरला.

उजाडलं तेव्हा पलीकडच्या धुऱ्यावर कोणीतरी येऊन बसलं. पुंजाजी होता. फळ्याची वेळ होती आणि तो इथं होता. पाय खाली सोडून, तोंड वाटेकडं करून.

सोजरबाईनं भाकरीचं फडकं सोडलं नाही. हा आपल्या मनानं आला, का कोणी धाडला, हे अजून कळायचं होतं.