आक्काची दाढ आणि उकळलेला चिमटा

मंडळी, आज सकाळची गोष्ट अजून डोक्यातून जात नाही.

आमच्या आक्काची दाढ दुखून गाल असोल्या नारळाएवढा सुजला, म्हणून तिला मांडवीला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. आमच्या आधी माझ्याच गलबतावरचे तांडेल हसनमियां बसले होते. त्यांची दाढ काढली आणि तोच चिमटा डॉक्टरांनी स्टोव्हवरच्या उकळत्या पाण्यात टाकला.

आक्का उठलीच. "दुसऱ्याच्या तोंडातला उष्टा चिमटा? मेले तरी तोंड उघडणार नाय!"

"अहो, उकळल्यावर उष्टं राहतंय कुठं?" डॉक्टर म्हणाले.

हसनमियां कापूस चावत हसले. "आक्का, माझ्याआधी तो कोणाच्या तोंडात होता, मी विचारलं काय?"

आक्का जरा घुटमळली. "मग ते पाणी ओता. माझ्यासमोर नवं उकळा."

डॉक्टरांनी मुकाट्यानं उकळलं. दाढ निघाली.

परतताना बैलगाडीत ती काही पुटपुटली. माझे कान तिखट, म्हणून ऐकू आलं.

"हसनचा चहाचा कप आपण पडवीत वेगळा ठेवतो ना रे? तो असाच उकळून घरात घेतला तर?"

तुम्ही काय सांगितलं असतंत?