मनीषाबद्दल आणखी काही

पंचवटीत सिंधुबाई आणि मनीषा नऊ वर्षं शेजारी बसून फुलं विकत होत्या. १९९७ साली काविळीनं मनीषा गेली, तेव्हा तिची मुलगी दिशा सहा वर्षांची होती. मनीषाचा नवरा गोरक्ष मखमलाबादला शेवंती पिकवायचा. त्यानं बायकोचा फोटो पेटीत ठेवून दिला. नाव काढलं की पोर रडते, असं तो म्हणे. खरं तर रडायचा तोच.

शाळा सुटली की दिशा सिंधुबाईंजवळ थांबायची. संध्याकाळी बाप न्यायला येई. एकदा तिनं हळूच आईबद्दल विचारलं. तेव्हापासून सिंधुबाई तिला रोज एक गोष्ट सांगू लागल्या. आई गजरा ओवताना दोरा दातात धरायची. भेळेतली कैरी आधी वेचून खायची. घासाघीस करणाऱ्याला हसून चार फुलं जास्त द्यायची, पण भाव उतरवायची नाही.

दीड वर्षात गोष्टी संपल्या. एक दिवस दिशानं विचारलं, आई गाणी म्हणायची का? तिचा चेहरा बघून सिंधुबाई हो म्हणाल्या.

दिशानं ते घरी सांगितलं. गोरक्षनं हातातली शेवंतीची पाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "नाय गं. तिला सूरच नव्हता."

दुसऱ्या दिवशी दिशा पाठ फिरवून बसली. "बाकीचं पण खोटंच का?"

सिंधुबाईंनी मनीषाच्या माहेरचं गाव आठवलं.

त्या रविवारी फुलं न मांडता त्या पॅसेंजरनं नांदगावला गेल्या. मनीषाच्या आईला, कुसाबाईंना, त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. येण्याचं कारण ऐकून कुसाबाई म्हणाल्या, "ती गेल्यापासून तिच्याबद्दल मला कुणी काही विचारलंच नाय." मग त्या दुपारभर बोलत राहिल्या. लहानपणी मनीषानं पोस्टमनची सायकल पळवली होती. पडून कोपरावर व्रण राहिला.

परतल्यावर सिंधुबाईंनी हे आधी गोरक्षला सांगितलं. मला तर विळा लागला म्हणाली होती, असं म्हणत तो कितीतरी दिवसांनी हसला. मे महिन्यात त्यानं स्वतःच दिशाला आजोळी नेलं.

पुढं दर सुट्टीत ती नांदगावला जाऊ लागली. परत आली की आईच्या नव्या गोष्टी तीच सिंधुबाईंना सांगायची. हातातला गजरा तसाच धरून त्या ऐकत राहायच्या. दहावीच्या वर्षी एकदा दिशानं विचारलं, "मावशी, तुम्हाला येते का आईची आठवण?"

"रोज येते," सिंधुबाई म्हणाल्या. "दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा जास्त."