दोन पेट्या, एकच कर्नल

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसात दोन कॉम्प्युटर होते, एक जुना, एक नवा, पण पेट्या बाहेरून सारख्याच. नवा दर शुक्रवारी दुपारी आडवा व्हायचा. पडद्यावर ‘पॅनिक’ उमटायचं, सगळ्यांची कामं अडायची आणि साहेब आमच्या ऑपरेटर मुलीवर ओरडायचे. कारण दर शुक्रवारची बॅकअपची टेप तीच चढवायची.

ती पारशिवनीकडची, शेतकऱ्याच्या घरची, अजून कायम न झालेली ऑपरेटर. तिसऱ्या वेळी तिला मेमो मिळाला: ‘निष्काळजी हाताळणी’. आणखी एक मेमो म्हणजे नोकरी गेली. वर साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "निंदणी करणारे हात हे!" माझं डोकं फिरलं. मी प्रोग्रामर, आणि युनियनची पत्रकंही मीच लिहायची.

"आजच पत्रक काढते," मी म्हटलं.

"पत्रकानं मशीन उभी राहते काय वं?" ती म्हणाली. "मी काय चुकवून राहिली, ते पाय आधी."

बरोबर होतं तिचं. तीच टेप तिच्याच हातानं जुन्या कॉम्प्युटरवर चढवली. काही झालं नाही. नव्यावर मी स्वतः चढवली. आडवा! तरी साहेबांचं आपलं एकच, "योगायोग." पेटी उघडून बघायची तर परवानगी नाही.

ती उघडली खंडेनवमीला. यंत्रांची पूजा, म्हणून साहेबांनीच दोन्ही झाकणं काढायला लावली. बाकीचे हळदकुंकू घेऊन पुढे, मी टॉर्च घेऊन. डिस्क आणि टेप चालवणारं कार्ड दोन्हींत वेगळं होतं! मग कर्नल, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार बघणारा मूळ प्रोग्राम, दोन्हींवर एकच कसा? विचारलं तर कळलं, साहेबांनी वेळ वाचवायला जुन्याचाच नव्यावर उतरवला होता. नव्या कार्डाशी त्याचं रोजचं काम कसंबसं निभायचं. डिस्कसोबत टेपही फिरू लागली की कोसळायचं. नव्याचा कर्नल कपाटात, न फोडलेल्या पाकिटात पडून!

पूजा आटोपताच तो चढवला. टेप लावली तिनंच. यंत्र उभंच राहिलं.

"चला, झालं गेलं विसरा," साहेबांनी पेढा पुढे केला.

तिनं घेतला नाही. "मेमो लेखी होता ना साहेब? मंग हेबी लेखी पायजे. बोर्डावर."

साहेबांनी लिहिलं, ‘तांत्रिक दोष आढळला.’ मी कागद परत त्यांच्यापुढे सरकवला. नोकरी काय तांत्रिक दोषाची जाणार होती? दुसऱ्या कागदावर ‘माझ्या चुकीमुळे’ आलं, ‘मेमो रद्द’ आलं, खाली सही आली. तो कागद तिनं स्वतः बोर्डावर लावला, चारही कोपऱ्यांना टाचण्या ठोकून.