रत्नप्रभा नावाची बाई

लग्नात बायकोचं माहेरचं नाव पुसून नवं ठेवायची आपल्या लोकांची हौस मला कधीच पटली नाही. आमचे शेजारी दिगंबरराव यांनी मात्र ती पुरेपूर भागवून घेतली होती. साताऱ्याच्या विमलला त्यांनी ताम्हनातल्या तांदळांत अंगठीने रत्नप्रभा केलं आणि पुढे जन्मभर दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. भाजी करपली तरी हाक चार अक्षरी, पूर्ण. मी हट्टाने विमलताई म्हणायचे. त्या दोन्हींना ओ द्यायच्या.

सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेतून निवृत्त होता होता दिगंबररावांनी इथेच, चंदीगडला, फ्लॅट घेतला. बाईच्या नावावर मुद्रांक शुल्क कमी पडतं म्हणून खरेदीखत बायकोच्या नावाने केलं, आणि मोठ्या कौतुकाने नाव सांगितलं, रत्नप्रभा. तिचा शाळेचा दाखला, बँकेचं खातं, पुढे आधार, सगळीकडे विमल. नाव बदलल्याचं राजपत्रात छापून घ्यावं, असं विमलताईंनी एकदा सुचवलंही होतं. "कोण विचारतंय?" म्हणून या विद्वानांनी ते उडवून लावलं.

गेल्या हिवाळ्यात विमलताई गेल्या. मृत्यूचा दाखला अर्थातच विमलचा. दिगंबररावांना घर खायला उठलं. गुडघे धड नाहीत, स्वयंपाक येत नाही. पुण्याहून मुलगा यतीन रोज फोनवर म्हणे, "बाबा, बेच दो ना यार, इकडे या." अखेर गिऱ्हाईक मिळालं, बयाणा झाला, आणि वकिलाने कागद चाळून विचारलं, "अंकलजी, विमलजी तो गुज़र गईं। ये रत्नप्रभा कौन हैं? दूसरी शादी थी?"

मी सोबत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, एकही हैं दोनों!" मी ओरडले. दिगंबरराव खाली मान घालून चोरासारखे बसले होते.

वकिलाचंही चुकत नव्हतं. घर जिच्या नावावर, ती गेल्याचा कागदच नाही. उद्या ती हक्क सांगत उभी राहिली, तर घेणाऱ्याने काय करायचं? मग दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र झालं, आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली. या फ्लॅटवर रत्नप्रभा नावाच्या बाईचा किंवा अन्य कुणाचा हक्क असल्यास त्यांनी मुदतीत हजर व्हावं.

तेव्हापासून दिगंबररावांचं फिरायला जाणं बंद झालं. भाजीसुद्धा मीच आणून द्यायची. बेल वाजवली की दार लगेच उघडायचं, आणि मला पाहून त्यांचा चेहरा पडायचा. मला राग यायचा. एकदा म्हणालेही, "मी काय वर्गणी मागायला आलेय?" ते नुसते बाजूला झाले.

मुदत संपली. वकिलाचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात डबा ठेवत होते. फोन स्पीकरवर होता. "मुबारक हो अंकलजी, कोई नहीं आया। अब सौदा पक्का समझो."

"सुटलात हो," मी बाहेर येत म्हटलं. "आता पुण्याला जा आणि आराम करा."

फोन केव्हाच बंद झाला होता, तरी तो हातात धरून ते दाराकडे बघत उभे होते.

"वहिनी," ते म्हणाले, "पेपरात नाव छापून बोलावलं हो तिला. तरी आली नाही."